तालमीचें तिकीट : अपुऱ्या खेळांचा बाजार

सुताराला खुर्ची सांगितली, तर चारही पाय बसविल्याशिवाय ती घरीं आणण्याची कल्पना कोणाच्या मनांत येत नाहीं. पुस्तक बांधून, कडा कापून, वेष्टण चढवूनच दुकानांत येतें. वस्तु आधीं पुरी व्हावी आणि मग तिची किंमत घ्यावी, हा व्यापाराचा जुना शिरस्ता आहे. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत एका धंद्यानें मात्र हा शिरस्ता उघड उघड मोडला आहे. संगणकावरील खेळांचे दुकानदार 'हा खेळ अजून पुरा झालेला नाहीं' अशी पाटी लावून तो विकतात. गिऱ्हाइकें ती पाटी वाचतात आणि तरीही पैसे देतात. या विक्रीला 'अर्ली ॲक्सेस', म्हणजे वेळेपूर्वीं दिलेला प्रवेश, असें नांव आहे.

घरांतील मुलें अशा एखाद्या खेळासाठीं पांचशें-हजार रुपये मागतात, तेव्हां वडीलधाऱ्या माणसांना दोन प्रश्न पडतात. अपुऱ्या मालाला पैसे द्यावेत तरी कां? आणि दिल्यावर तो माल पुरा होईल, याची हमी कोण घेतो? पहिल्या प्रश्नाला पुष्कळदां समाधानकारक उत्तर देतां येतें. दुसऱ्याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, ही हमी कोणीही घेत नाहीं. या दोन उत्तरांच्या मध्यें जो व्यवहार चालतो, तो नीट समजून घेणें अगत्याचें आहे. कारण हौस मुलांची असली, तरी पैसा घरचा असतो.

ही पद्धति कशी निघाली, हें कळण्यासाठीं आधीं दुकानाचें स्वरूप पाहिलें पाहिजे. पूर्वीं संगणकाचा खेळ तबकडीवर भरून, खोक्यांत घालून विकला जाई. तबकडी एकदां कारखान्याबाहेर पडली, कीं तिच्यांतील चूक सुधारणें मोठ्या जिकिरीचें काम असे. अमेरिकेंतील व्हाल्व्ह या कंपनीनें सप्टेंबर २००३ मध्यें 'स्टीम' नांवाची सोय सुरू केली. आरंभीं ती कंपनीच्या स्वतःच्या खेळांपुरती होती. पुढें तेथें इतरांचेही खेळ विकले जाऊं लागले, आणि आज संगणकाच्या खेळांचें तें सर्वांत मोठें दुकान झालें आहे. या दुकानांत खोकें नाहीं आणि तबकडीही नाहीं. खेळ इंटरनेटवरून थेट घरच्या यंत्रांत उतरतो. कर्त्यानें आज रात्रीं एखादी दुरुस्ती केली, तर उद्यां सकाळपर्यंत ती जगभरच्या गिऱ्हाइकांकडे पोंचूं शकते. विकून टाकलेला मालही विक्रीनंतर बदलतां येतो, ही सोय नसती तर अपुरे खेळ विकण्याचा विचारही कोणी केला नसता.

खेळ तयार करणारे लोक अपुऱ्या खेळाच्या दोन अवस्था मानतात. पहिली 'अल्फा' आणि दुसरी 'बीटा'; हीं ग्रीक वर्णमालेंतील पहिलीं दोन अक्षरें होत. नाटक मंडळीच्या भाषेंत बोलावयाचें तर अल्फा ही साधी तालीम होय. नटांच्या हातांत अजून नकला आहेत, पडदे रंगावयाचे आहेत, आजचा एखादा प्रवेश उद्यां गाळलाही जाईल. बीटा ही रंगीत तालीम होय. पोषाख, पडदे, दिवे सारें जागच्या जागीं आलेलें असतें. राहतें तें चुका हेरून काढण्याचें काम.

तालमीला बाहेरचीं चार माणसें बोलावण्याची चाल या धंद्यांतही पूर्वींपासून आहे. मोजक्यांना निमंत्रण देऊन जी चाचणी होते ती बंद बीटा, आणि येईल त्याला प्रवेश असेल तर ती खुली बीटा. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीचा 'इंडस' हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्यें सर्वांना मिळूं लागला. त्यापूर्वीं तो अशा बंद बीटांतून गेला होता. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा खेळ २ जुलै २०२१ रोजीं रीतसर प्रसिद्ध झाला. परंतु १७ जूनपासूनच तो भारतांतील अँड्रॉइड फोनवर खुल्या चाचणीसाठीं उपलब्ध होता. तालीम लांबली तरी तिला पैसे पडत नसतील तर कोणाची तक्रार नसते. गूगलचें जीमेल १ एप्रिल २००४ रोजीं सुरू झालें, आणि त्याच्या नांवाखालचा 'बीटा' हा शब्द जुलै २००९ पर्यंत, म्हणजे पांच वर्षांहून अधिक काळ, तसाच राहिला. पत्रें जात-येत होतीं आणि पैसा लागत नव्हता. त्या शब्दाकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. अर्ली ॲक्सेसची गोष्ट वेगळी आहे. तेथें तालमीलाच तिकीट लावलेलें असतें.

हा प्रयोग किती यशस्वी होऊं शकतो, हें स्वीडनमधील एका खेळानें दाखवून दिलें. मार्कुस पेर्सन नांवाच्या गृहस्थानें 'माइनक्राफ्ट' हा खेळ १७ मे २००९ रोजीं लोकांपुढें ठेवला आणि पुढच्याच महिन्यांत त्याची किंमत घेण्यास आरंभ केली. त्या वेळीं खेळांत ठोकळे फोडावे आणि ठोकळे रचावे, यापलीकडे फारसें कांहीं नव्हतें. किंमतीचा हिशेब त्यानें सरळ ठेवला होता. अल्फा अवस्थेंत ९.९५ युरो, २० डिसेंबर २०१० रोजीं खेळ बीटा अवस्थेंत गेल्यावर १४.९५ युरो. जो लवकर येतो तो धोका अधिक पत्करतो, म्हणून त्याला खेळ स्वस्त. जानेवारी २०११ मध्यें या अपुऱ्या खेळाची विक्री १० लाखांवर गेली. खेळ पुरा झाल्याची घोषणा १८ नोव्हेंबर २०११ रोजीं झाली, आणि २०१४ मध्यें मायक्रोसॉफ्टनें पेर्सनची मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरांना विकत घेतली. खेळ वाढविण्यास लागलेलें भांडवल कोणा सावकारानें किंवा मोठ्या प्रकाशकानें दिलेलें नव्हतें. तें अपुऱ्या खेळाच्या गिऱ्हाइकांच्या खिशांतून आलें होतें.

२० मार्च २०१३ रोजीं स्टीमनें अर्ली ॲक्सेस हा स्वतंत्र विभाग बारा खेळांनिशीं उघडला. या विभागांतील प्रत्येक खेळाच्या पानावर एक निळी चौकट असते. खेळ अपुरा आहे. तो यापुढें बदलेल किंवा बदलणारही नाहीं. आज आहे त्या स्थितींत तो खेळण्याची उत्सुकता नसेल तर थांबावें, असा तींतील मजकुराचा आशय असतो. त्याखालीं कर्त्यानें कांहीं ठराविक प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं असतात : खेळ अपुरा असतां विक्रीस कां काढला, तो या स्थितींत सुमारें किती काळ राहील, पुऱ्या खेळांत अधिक काय असेल, आज त्यांत काय आहे, आणि किंमत पुढें बदलणार काय. कर्त्यांसाठीं केलेले नियम तर अधिकच बोलके आहेत. भविष्याबद्दल ठाम वचनें देऊं नयेत. खेळण्याजोगें कांहीं तयार नसेल तर या विभागांत येऊं नये. आणि विक्री अगदीं थोडी झाली तरी काम पुढें चालविण्याची ऐपत नसेल, तर मुळींच येऊं नये. हे नियम एकत्र वाचले म्हणजे व्यवहाराचें मर्म ध्यानांत येतें. गिऱ्हाईक पैसे देतांना आजचा खेळ आणि उद्यांची आशा असें दोन्ही घेऊन जातें. दुकानाच्या पावतीवर मात्र आजचा खेळ तेवढा लिहिलेला असतो.

मग अशी विक्री करूंच नये, असें कोणी म्हणेल. परंतु कित्येक उत्तम खेळ या वाटेनेंच आले आहेत. खेळ म्हणजे हजारों लहान नियमांचें जाळें असतें. एखादें शस्त्र फार प्रबळ आहे, एखादें कोडें फार अवघड आहे, एखाद्या विशिष्ट यंत्रावर खेळ मध्येंच बंद पडतो, या गोष्टी कचेरींतील दहा-वीस माणसांच्या नजरेस येत नाहींत. हजारों अनोळखी माणसें खेळूं लागलीं म्हणजे त्या आठवड्याभरांत उघड होतात. अमेरिकेंतील सुपरजायंट या लहान मंडळीनें 'हेडीझ' हा ग्रीक पुराणावरील खेळ ६ डिसेंबर २०१८ रोजीं अपुऱ्या स्थितींत विकण्यास काढला. पुढें जवळजवळ दोन वर्षें त्यांत नवीं पात्रें, नवे प्रसंग आणि दुरुस्त्या पडत गेल्या. कथेचा शेवट मात्र पुऱ्या खेळासाठीं राखून ठेवला होता. १७ सप्टेंबर २०२० रोजीं तो पुरा झाला आणि २०२१ मध्यें ह्यूगो हा वाङ्मयीन पुरस्कार त्याला मिळाला. बेल्जममधील लॅरियन या कंपनीनें 'बाल्डर्स गेट ३' या खेळाचा पहिला अंकच ६ ऑक्टोबर २०२० रोजीं विक्रीस ठेवला. त्या एका अंकावर जवळजवळ तीन वर्षें खेळाडूंचे अभिप्राय घेऊन ३ ऑगस्ट २०२३ रोजीं सारा खेळ प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. दोन्ही ठिकाणीं पहिल्या दिवशीं जें विकलें, तें अपुरें असलें तरी खेळण्याजोगें होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

एकाच नांवाच्या दोन खेळांना मात्र भिन्न गति मिळाली. मेक्सिकोंतील स्क्वॉड या जाहिरातीच्या कंपनींत नोकरीस असलेल्या फेलिपे फालांगे या तरुणानें 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा खेळ आरंभिला. त्यांत खेळाडूनें अग्निबाण जुळवावयाचा, तो अंतराळांत न्यावयाचा आणि कक्षेंत फिरवावयाचा. त्यांतील गतीचे नियम इतके खरे आहेत कीं, शाळेंतील भौतिकशास्त्र खेळतां खेळतां समजावें. पहिली आवृत्ति २४ जून २०११ रोजीं आली. स्टीमच्या पहिल्या बारा खेळांतही त्याचा समावेश होता. अमेरिकेच्या नासा संस्थेनें २०१४ मध्यें एका आवृत्तीस सहकार्य दिलें. आणि २७ एप्रिल २०१५ रोजीं खेळ पुरा झाला. या कीर्तीच्या बळावर त्याचा दुसरा भाग निघाला. तो दुसऱ्याच मंडळीनें तयार केला, आणि त्याच्या पाठीशीं टेक-टू ही मोठी अमेरिकन कंपनी होती. २४ फेब्रुवारी २०२३ रोजीं तो अपुऱ्या स्थितींत ४९.९९ डॉलरांना विक्रीस आला. परग्रहांवरील वसाहती, दूरच्या ताऱ्यांचा प्रवास, अनेकांनीं मिळून खेळण्याची सोय, अशी भावी सुधारणांची यादी समोर मांडलेली होती. त्यांपैकीं विज्ञानविषयक भाग तेवढा डिसेंबर २०२३ मध्यें आला. २०२४ च्या मध्यास खेळ करणारी कचेरी बंद झाली. वसाहती आल्या नाहींत आणि तारेही दूरच राहिले.

पहिला खेळ गरिबीच्या घरांत जन्मून पुरा व्हावा आणि दुसरा श्रीमंताच्या छत्राखालीं अपुरा राहावा, यांत नुसतें दैव नाहीं. अशा विक्रीच्या अर्थशास्त्रांतच एक अडचण आहे. खेळ एकदां विकला, कीं त्या गिऱ्हाइकाकडून पुन्हां पैसे मिळावयाचे नसतात. हौशी गिऱ्हाईक बहुधा पहिल्या कांहीं आठवड्यांतच येऊन जातें. त्यानंतर प्राप्ति उतरत जाते. पण कारागिरांचे पगार दर महिन्यास तितकेच द्यावे लागतात. म्हणजे खेळ पुरा करण्यासाठीं घालविलेला प्रत्येक महिना कर्त्याच्या नफ्यांतून जातो. नेहमींच्या व्यापारांत माल पुरा केल्याशिवाय पैसा मिळत नाहीं, म्हणून तो पुरा करण्याची निकड असते. येथें पैसा आधीं मिळून गेलेला असतो, आणि मागें राहते ती कर्त्याची सचोटी, त्याच्या नांवाची चाड, आणि पुरा झाल्यावर नवें गिऱ्हाईक येईल ही आशा. हीं तिन्ही जेथें भक्कम असतात, तेथें खेळ तडीस जातो.

तीं भक्कम नसतात, किंवा हिशेबच चुकतो, तेव्हां काय होतें याचींही उदाहरणें आहेत. सॅन फ्रॅन्सिस्को येथील डबल फाइन या नामांकित कंपनीनें 'स्पेसबेस डीएफ-९' हा खेळ ऑक्टोबर २०१३ मध्यें विक्रीस काढला. वर्षभरांत विक्रीपेक्षां खर्च अधिक होऊं लागला, तेव्हां ठरलेल्या सुधारणा सोडून देऊन ऑक्टोबर २०१४ मध्यें तो पुरा झाल्याचें जाहीर केलें. येथें लबाडी नव्हती. हिशेब चुकला होता. 'डेझी' हा खेळ १६ डिसेंबर २०१३ रोजीं आला आणि पहिल्या महिन्याभरांतच त्याच्या १० लाख प्रती खपल्या. पण पुरा होण्यास १३ डिसेंबर २०१८ उजाडला. पहिल्या दिवशीं घेणारा शाळकरी मुलगा तोंवर कॉलेजांत गेला असेल. सर्वांत विलक्षण गोष्ट 'द डे बिफोर' या खेळाची. तो ७ डिसेंबर २०२३ रोजीं विक्रीस आला आणि ११ डिसेंबरला, म्हणजे चौथ्या दिवशीं, करणाऱ्या कंपनीनें आपला धंदा बंद केल्याचें जाहीर केलें. त्या वेळीं गिऱ्हाइकांचे पैसे परत करण्यांत आले. परंतु तसें नेहमीं घडत नाहीं.

गिऱ्हाइकाला संरक्षण मुळींच नाहीं, असें मात्र नव्हे. २ जून २०१५ पासून स्टीमवर परतीची सोय आहे. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आंत मागणी केली आणि खेळ दोन तासांपेक्षां कमी खेळलेला असला, तर पैसे परत मिळतात. खेळ यंत्रावर चालतच नाहीं, किंवा वर्णन केल्याप्रमाणें नाहीं, अशा तक्रारीस ही मुदत पुरते. परंतु खेळ पुरा होणार नाहीं, हें चौदा दिवसांत कळत नाहीं. तें चौदा महिन्यांनीं कळतें. फेब्रुवारी २०२५ पासून स्टीमनें आणखी एक उपयुक्त सोय केली आहे. एखाद्या अपुऱ्या खेळांत वर्षभराहून अधिक काळ सुधारणा झाली नसेल, तर शेवटची सुधारणा होऊन किती महिने लोटले, हें त्याच्या पानावर छापलें जातें. बंद पडलेल्या घड्याळावर चिठ्ठी लावावी, तसा हा प्रकार आहे. चिठ्ठीनें घड्याळ चालत नाहीं, पण नव्या माणसाची फसगत टळते.

मराठी घरांना प्रकाशनपूर्व सवलतीची चाल परिचयाची आहे. मोठा ग्रंथ निघण्यापूर्वीं नांव नोंदवावें, कमी किंमत भरावी आणि ग्रंथ छापून आला म्हणजे प्रत घरीं यावी. अर्ली ॲक्सेस तिच्यासारखी दिसते, पण तशी नाहीं. तेथें नोंदणी करणाऱ्याला पुऱ्या ग्रंथाचें वचन असतें. येथें आज हातीं पडलेलीं पानें हाच ग्रंथ, पुढचीं आलीं तर आलीं. कंपनीच्या भागधारकाशींही अपुऱ्या खेळाच्या गिऱ्हाइकाची तुलना होत नाहीं. भागधारक धोका पत्करतो, तसा नफ्यांत वाटाही घेतो. माइनक्राफ्टच्या पहिल्या गिऱ्हाइकांनीं धोका पत्करला. अडीच अब्ज डॉलरांच्या व्यवहारांत त्यांना कांहीं मिळालें नाहीं. त्यांना खेळ मिळाला, आणि त्यांनीं विकत घेतला होता तोही तेवढाच.

येथें आणखी एका सारख्या नांवाचा घोटाळा टाळला पाहिजे. कांहीं कंपन्या पुरा झालेला खेळ अधिक पैसे देणाऱ्यांना तीन-चार दिवस आधीं देतात आणि त्यालाही 'लवकर प्रवेश' म्हणतात. तेथें खेळ अपुरा नसतो; अधीरतेची किंमत तेवढी घेतलेली असते. एप्रिल २०२४ पासून स्टीमनें त्याला 'ॲडव्हान्स्ड ॲक्सेस' असें निराळें नांव दिलें, आणि त्या दिवसांतील खेळण्याचा वेळही परतीच्या दोन तासांत धरला जातो.

तेव्हां घरांत अशा खेळाची मागणी आली, तर तिला सरसकट नकार देण्याचें कारण नाहीं आणि सरसकट होकारही देऊं नये. त्या खेळाचें पान मुलासह उघडावें आणि चार गोष्टी पाहाव्या. शेवटची सुधारणा केव्हां झाली? हा कर्ता किंवा ही मंडळी यापूर्वीं एखादा खेळ तडीस नेऊन चुकली आहे काय? मजकुरांत 'आहे' हें क्रियापद अधिक आहे कीं 'असेल' हें? आणि किंमत अपुऱ्या मालाची आहे कीं पुऱ्या मालाची? यांनंतर मुलाला एकच प्रश्न विचारावा : उद्यांपासून या खेळांत एकाही नव्या गोष्टीची भर पडली नाहीं, तरी तो इतक्या पैशांना हवा आहे काय? उत्तर होकारार्थी असेल, तर खरेदी योग्य. पुढें जी भर पडेल ती लाभांत जमा. उत्तर अडखळत आलें, तर थांबण्यांत नुकसान नाहीं. खेळ चांगला असेल तर तो पुरा होईल, आणि पुरा झालेला खेळ त्याच दुकानांत मिळेल.

ज्यानें खेळ विचारपूर्वक घेतला आहे, त्याला त्यांतून मनोरंजनापलीकडेही कांहीं मिळूं शकतें. खेळांतील दोष कळवावयाचा असेल, तर 'खेळ बिघडला' असें लिहून भागत नाहीं. कोणत्या यंत्रावर, कोणती कृति केली असतां, कोणत्या क्रमानें, काय घडलें आणि काय घडावयास हवें होतें, हें स्पष्ट लिहावें लागतें. नीट निरीक्षण करून नेमकें लिहिण्याचा हा अभ्यास शाळेच्या प्रयोगवहींतील अभ्यासाहून वेगळा नाहीं. आपण कळविलेला दोष पुढच्या आवृत्तींत दुरुस्त झालेला पाहणें, यांत एखाद्या मुलाला परीक्षेंतील गुणांहून अधिक आनंद वाटला, तर त्यांत नवल नाहीं.